गेम सोडल्यावरचे दिवस: तुमचे अनुभव सांगा

भटका_ढग: काल भाच्याने स्वतःहून गेम उडवला आणि संध्याकाळपासून घरभर येरझाऱ्या. कुणी काही विचारलं की खेकसतोय. बहिणीला सगळे सांगतायत, "नाटकं आहेत त्याची." मला माझं कॉलेज आठवलं. डोळे मिटले की गेममधला तोच नकाशा, पहाटेपर्यंत टक्क जागा. नाटक नसतं हो ते. कुणाकुणाचं असं झालंय?

रात्रकिडा: नकाशा +१. माझे टेट्रिसचे ठोकळे पडायचे. पुस्तकांचं कपाट दिसलं तरी मनात फिरवून बसवायचो.

सुमी: मुलगा नववीत. आधी आदळआपट, दारं धाडधाड. ती परवडली. मग नुसता भिंतीकडे बघत पडून राहायला लागला, तेव्हा माझं धाबं दणाणलं. "कंटाळा आलाय" एवढंच. कशातच गोडी नाही. चित्रं काढायचा पूर्वी, तीही नकोत.

बिनकामाचा: आमच्याकडे उलटं, बाबांचा कँडी क्रश बंद केला तर आईवर चिडतात 😂

सुमी: @बिनकामाचा हसवलंत. गरज होती.

निळी_शाई: मानसोपचार विभागात काम करते, घाईत लिहितेय. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजार ओळखायची अमेरिकन पुस्तिका) गेमच्या व्यसनासाठी नऊ निकष सुचवलेत, त्यातला एक हाच: खेळ थांबला की चिडचिड, बेचैनी, उदासी. दारू सुटताना हात थरथरतात, फिट येऊ शकते, तसं शारीरिक इथे अपेक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून लागू. त्यात भर ताबा सुटण्यावर आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहण्यावर, तेही साधारण १२ महिने. चार दिवस चिडला म्हणून पोराला लगेच व्यसनी ठरवू नका. पण सुमी, उदासी हटत नसेल, जेवणझोप बिघडली असेल तर दाखवाच. जिवाचं काही बरंवाईट बोलला तर त्याच दिवशी.

सुमी: झोपेचा बोजवारा आहेच. उद्याच फोन करते.

एकांडा_शिलेदार: मला गेमची आठवण कमीच आली, क्लॅनची, म्हणजे सोबत खेळणाऱ्या टोळीची आली. रात्री ठरल्या वेळी सगळे हेडफोन लावून हजर. कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं तिथेच कळायचं. खरी नावंसुद्धा माहीत नव्हती एकमेकांची. सोडलं आणि रात्री अकराला कोणी हाकच मारेना. बायको म्हणे बोल की माझ्याशी! तिच्याशी काय बोलणार, तिला हीलर म्हणजे काय ते माहीत नाही. भाच्याला विचारा कोणाबरोबर खेळायचा. सगळे "फोन लपवा" म्हणतात, हे कोणीच विचारत नाही.

भटका_ढग: विचारलं आत्ताच. चौघांची टीम होती म्हणे, आणि हा लीडर! बाकीचे कुठल्या कुठे राहतात.

रात्रकिडा: लीडर पळाला, टीमचं काय?

डुलकी: रोजच्या लॉगिनची स्ट्रीक तुटली तेव्हा मला तर सुटल्यासारखं वाटलेलं. दुसऱ्या दिवशी मात्र अंगठा आपोआप स्क्रीनच्या त्याच कोपऱ्यात, जिथे गेम असायचा. तिथे आता कॅलक्युलेटर ठेवलाय, दिवसातून दहादा उघडतो उगाच.

बिनकामाचा: @डुलकी हिशेब पक्का झाला असेल 😄

एकांडा_शिलेदार: @भटका_ढग त्या तिघांशी नुसतं बोलू द्या त्याला, गेमशिवाय. फोनवर.

भटका_ढग: बहिणीला पटवतो. ती आधी माझ्यावरच उखडणार.