मदत हवी आहे: बागेत पोरांच्या खेळासाठी निधी कुठनं मिळंल?
नमस्कार मंडळी, कोल्हापुरात आमच्या कॉलनीजवळच्या महापालिकेच्या बागेत रोज संध्याकाळी वीसेक पोरं फुटबॉल खेळतात, आता पोरीपण यायला लागल्यात, पण लाईट नाही, गोलपोस्ट म्हणजे दोन विटा आणि पावसाळ्यात नुसता चिखल. पेठेतल्या पोरांना निदान तालीम मंडळाचा आधार असतोय, उपनगरातल्यांनी जायचं कुठं?

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, खर्चावे लागतात आणि खेळाचं प्रशिक्षण त्यात बसतं, पण त्याला संस्थेची आयकर खात्याकडची 12ए, 80जी आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी लागते, आमचं मंडळ नुसतं धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवलंय. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतनं कुणी असा निधी मिळवलाय का? आधी महापालिकेची परवानगी घ्यायची का आधी प्रस्ताव द्यायचा? अर्जाचा नमुना असला तर प्लीज टाका, लय उपकार होतील.