नाइट शिफ्टवाल्यांची हजेरी मिसपंचमध्ये जाते, पगार कसा बनवायचा?

मकरपुरा_टाइमऑफिस: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कंपनीच्या टाइम ऑफिसला नुकतीच लागलीये. रात्री ११ ते सकाळी ७ च्या शिफ्टचा फार गोंधळ होतो, माणूस पावणेअकराला इन करतो आणि आउट पडतं दुसऱ्या तारखेला, मग दोन्ही दिवस मिसपंच (इन-आउटची जोडी अर्धवट) आणि रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस गैरहजर. सुपरवायझर फोनवर म्हणतात, टाकून दे ना हजर. टाकू का? आणि ओटी (ओव्हरटाइम) धरून ज्याचा पगार २१,००० च्या वर जातो त्याचं ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापायचं का? ७ तारखेच्या आत पगार पडायलाच हवा, खूप टेन्शन येतं.

दांडियाबाजारकर: ताई, फोनवरच्या शब्दावर हजर टाकू नका. मिसपंचची स्लिप ठेवा, तारीख, शिफ्ट, कारण आणि सुपरवायझरची सही, उद्या इन्स्पेक्शन आलं किंवा कामगारानेच विचारलं तर दाखवायला कागद पाहिजे. आणि मूळ दुखणं शिफ्ट मास्टरमध्ये (हजेरीच्या सॉफ्टवेअरमधल्या शिफ्टच्या सेटिंगमध्ये) आहे, दिवस रात्री १२ ला बदलतोय म्हणून असं होतं. नाइटचं आउट सकाळी ९-१० पर्यंत आदल्याच तारखेत धरायचं सेटिंग असतं, व्हेंडरकडून करून घ्या. मग ओटीचे तासही बरोबर येतील, ते डबल रेटने द्यायचे असतात, तिथे अर्धा तास खाल्ला तरी माणसाचं नुकसान होतं.

वाघोडियारोड: ईएसआयचं सांगतो, इथे बरेच जण चुकतात. २१,००० ची लिमिट बघताना ओटी धरायचा नाही. म्हणजे १८,५०० वाल्याला ओटीसकट २३,००० झाले तर तो कव्हरमध्येच, ०.७५ टक्के कापायचेच. पीएफ ओटीवर नाही. जुलैत इन्क्रिमेंट होऊन कोणी लिमिटच्या वर गेला तरी सप्टेंबरपर्यंत कापत राहायचं, मध्येच बंद केलं तर ऐन आजारपणात बिचाऱ्याचं कार्ड अडकतं.

मकरपुरा_टाइमऑफिस: ओटीचं मला कोणीच नीट सांगितलं नव्हतं, थँक्यू दादा. स्लिपा महिनाअखेरीला एकदम घेतल्या तर चालेल?

दांडियाबाजारकर: नको, रोजच्या रोज घ्या. महिनाअखेरीला कोणाला आठवत नाही कोण कुठल्या रात्री होतं. आणि महिन्याची हजेरी लॉक करायच्या आधी मिसपंचची यादी गेटजवळ लावा, गुजरातीत, कामगार स्वतःच येऊन सांगतात.