मदत हवी आहे: 'रिक्यूज' हे क्रियापद कसं वापरायचं?

नमस्कार मंडळी. कोर्टाच्या बातम्यांचा अनुवाद करताना 'रिक्यूज'पाशी अडले आहे. खटल्याशी हितसंबंध असल्यास न्यायाधीश सुनावणीतून स्वतःहून बाजूला होतात, एवढा अर्थ पक्का आहे. २०१५ च्या न्यायिक नियुक्ती आयोगाच्या खटल्यात न्यायमूर्ती खेहर यांनी तसं बाजूला व्हायला नकार दिला आणि कारणंही लिहून ठेवली.

अडचण वापराची आहे. 'द जज रिक्यूज्ड हिमसेल्फ' यातलं 'हिमसेल्फ' गाळलं तर चालतं का? वकिलाने न्यायाधीशांवर आक्षेप घेतला, तर त्यालाही हेच क्रियापद लागतं का? मराठीत 'माघार घेतली' लिहिलं की न्यायाधीश हरल्यासारखे वाटतात, 'अंग काढून घेतलं' तर त्याहून वाईट. कोर्टात रोज वावरणाऱ्यांनी कृपया सांगा, तिथे मराठीत काय म्हणतात?