आयएसओ २६००० चं सर्टिफिकेट घ्यावं का?

प्रश्न: कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा अहवाल पहिल्यांदाच करतोय. सल्लागार म्हणतो, आयएसओ २६००० चं सर्टिफिकेट काढून देतो. घ्यावं का?

प्रतिसाद १: अजिबात नको. सामाजिक जबाबदारीवरचं २०१० सालचं हे मानक निव्वळ मार्गदर्शक आहे, त्याचं सर्टिफिकेट नसतंच. सल्लागार बदला! कामगारांच्या बाबतीत हवंच असेल तर एसए ८००० बघा, कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीचं हे मानक, आणि त्याचं सर्टिफिकेट मिळतं. त्यात आठवड्याला नेहमीचे जास्तीत जास्त ४८ तास, ओव्हरटाइम १२ तासांपर्यंत आणि तोही कामगाराच्या मर्जीने. गाडी अडते ती कागदावर: हजेरीपटात रविवारची सुट्टी आणि गेटच्या रजिस्टरमध्ये त्याच रविवारी त्याच माणसाची सही.

प्रतिसाद २: कार्बनचा हिशोबही देणार असाल तर उत्सर्जनाचे तीन गट पडतात: जनरेटरच्या डिझेलसारखं कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन स्कोप १, विकतची वीज स्कोप २. खरी डोकेदुखी स्कोप ३, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचं बाकीचं सगळं. कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या मालाचा वापर असे १५ प्रकार आहेत. बाहेरच्या ट्रान्सपोर्टरचं डिझेल चुकून स्कोप १ मध्ये धरलं जातं, मग तेच स्कोप ३ मध्येही येतं.

प्रश्नकर्ता: आणि झाडं लावल्याचे फोटो?

प्रतिसाद १: टाका की. फक्त खाली किती लावली आणि वर्षाने किती जगली, दोन्ही आकडे द्या.