मदत हवी आहे: जॉर्जेट हेयर आईला मराठीत वाचून दाखवताना

नमस्कार मंडळी,

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी सध्या वाचायचं नाही असं बजावलंय. म्हणून रात्री जेवणं झाली की मी तिला इंग्रजी लेखिका जॉर्जेट हेयरची 'रीजन्सी बक' ही कादंबरी वाचून दाखवते. समोर इंग्रजी, तोंडाने मराठी.

काल 'करिकल' या घोडागाडीपाशी अडले. दोन चाकं, दोन घोडे, आणि मालक स्वतः हाकतो. मी 'टांगा' म्हणून पुढे सरकले. आई म्हणाली, "अगं, एवढा मोठा उमराव टांग्यातून कशाला हिंडेल?" खरंच आहे, आणि टांग्याला घोडाही एकच. 'बग्गी' म्हटलं तर लग्नाची वरात आठवते. काय म्हणावं?

दुसरी अडचण भाषेची. कादंबरीतला काळ १८११-१२चा, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाचा. मग बोलणं पेशवाई वळणाचं करावं का? करून पाहिलं, तर लंडनचे सरदार बखरीतून उठून आल्यासारखे वाटले. आजचं मराठी घातलं तर सगळी नजाकत जाते. छानछोकी तरुणाला 'छेलबटाऊ' म्हटल्यावर मात्र आई खुदकन हसली.

हेयर स्वतः शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर होती. इंग्रज सेनापती वेलिंग्टनची शैली नेमकी पकडता यावी म्हणून तिने त्याचं एक पत्र विकत घेतलं होतं. वॉटर्लूच्या लढाईवरच्या 'ॲन इन्फेमस आर्मी' या तिच्या कादंबरीत (१९३७) त्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द त्याने खरोखर बोललेला किंवा लिहिलेला आहे, असं ती सांगायची. (हाच वेलिंग्टन १८०३ साली आपल्या असईला मराठ्यांशी लढला होता, हे ऐकून आई उठूनच बसली.) एवढ्या कष्टाने लिहिलेलं मी अंदाजपंचे सांगते, याची मला रुखरुख लागते.

बाईने मुलाखती कधी दिल्या नाहीत. १९२६ साली इंग्लंडात सार्वत्रिक संप असताना तिचं एक पुस्तक आलं. ना जाहिरात, ना परीक्षण, तरी धडाक्यात खपलं. तेव्हापासून प्रसिद्धीची गरज नाही हे तिचं ठरलं ते १९७४ साली जाईपर्यंत. तिची पहिली कादंबरी, 'द ब्लॅक मॉथ' (१९२१), तर हिमोफिलियाने (रक्त नीट न गोठण्याच्या विकाराने) आजारी असलेल्या धाकट्या भावाचं मन रमावं म्हणून रचलेली गोष्ट. हे आईला सांगितलं तेव्हा तिने नुसता माझा हात दाबला.

हेयरचं काही मराठीत आलंय का? जुन्या अनुवादांतून घोडागाड्यांचे शब्द कुणाला आठवतात का? लवकर सांगा, पुढे बहीण-भावाची ब्रायटनपर्यंत गाड्यांची शर्यत आहे आणि माझ्याकडे अजून 'टांगा'च आहे.