अनुभव धागा: औषधांचे दुष्परिणाम आणि चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या गोळ्या

रानजाई
काल मेडिकलमध्ये उभी होते. पुढच्या आजींनी मेथोट्रेक्सेटची पट्टी काउंटरवर ठेवून विचारलं, "ही रोज घ्यायची ना रे बाळा?" माझ्या काळजात धस्स झालं.

मावशीला सांधेवात आहे. त्यासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. डॉक्टरांनी तसंच लिहिलं होतं, पण दुकानातून आलेल्या पाकिटावर बाकीच्या गोळ्यांसारखं १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक, आलं. मावशी रोज घेत राहिली. आधी तोंड आलं. उष्णता झाली म्हणून गुलकंद, सब्जा सगळं झालं. मग वरणभातसुद्धा गिळवेना आणि दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही पार उतरलेल्या. ॲडमिट केलं, उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, वाचली.

कालच्या आजींची चिठ्ठी दुकानदाराने पुन्हा वाचली आणि पट्टीवर मार्करने "फक्त रविवार" लिहून दिलं. तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. औषध कोणतं, त्रास काय झाला, कशावरून कळलं. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल.

अबोली
बाप रे!! मावशी आता बऱ्या आहेत ना?

रानजाई
हो ग, ठणठणीत आहे. परवा माझ्यासाठी मेतकूट करून पाठवलं.

कोकणी काका
रामिप्रिल. कोरडा खोकला, रात्री जास्त. ज्येष्ठमध, अडुळसा, कफ सिरप, एक्स-रे सगळं झालं, छाती स्वच्छ. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, बीपीची गोळी कुठली?" त्यांनी टेल्मिसार्टनवर टाकलं, खोकला हळूहळू गेला. या गटातल्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना होतो म्हणाल्या. पण मनाने बंद करू नका, बदलून घ्या.

तांबडी माती
+१. सासऱ्यांना बीपीच्या ॲम्लोडिपिनने घोटे सुजायचे, संध्याकाळी मोज्याचे वण खोल उठायचे. किडनी गेली की काय म्हणून घरात रडारड. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डोस कमी केल्यावर सूज उतरली.

उंबरठा
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सासूबाईंची आषाढी एकादशी, निर्जळी. पण सकाळची शुगरची गोळी, ग्लिमेपिराइड, नेमाने घेतली. अकराच्या सुमारास देवघरात बसल्या बसल्या घामाने डबडबल्या, हात थरथर, मला माझ्या नणंदेच्या नावाने हाका मारायला लागल्या. शुगर ५० च्या खाली! शुद्धीत होत्या म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. आता डॉक्टरांनी उपवासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नि कुठली नाही ते कागदावर लिहून दिलंय, तो फ्रिजवर लावलाय. निर्जळी बंद म्हणजे बंद, विठोबा समजून घेईल.

अबोली
नक्की घेईल ग. आमच्याकडे उलटं, उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की बाबांची शुगर चढते.

कोकणी काका
राजगिऱ्याची भाकरी द्या त्यांना.

नर्मदातीर
धाकट्या भावाला टीबी. पहिल्याच आठवड्यात लघवी केशरी. वहिनीला वाटलं रक्तच जातंय, दोघांनी ठरवलं गोळ्या थांबवायच्या. नशीब आशाताई त्याच दिवशी घरी आल्या. म्हणाल्या, रिफाम्पिसिनने रंग येतोच, त्यात धोका नाही, पण डोळे किंवा कातडी हळदीसारखी पिवळी झाली, उलट्या सुटल्या किंवा रंग ओळखू येईनासे झाले तर लगेच या. कोर्स पूर्ण झाला, आता शेतावर जातो. ही दोन वाक्यं गोळ्या देतानाच कुणी सांगितली असती तर? इतकी चीड येते.

मेडिकलवाली
तालुक्याच्या गावी दुकान आहे, रोज पाहते ते लिहिते. तापाची गोळी, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी, नावं वेगळी पण बहुतेकदा तिन्हींत पॅरासिटामॉल. एकत्र घेतल्या की लिव्हरवर बेततं. पट्टीमागचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर आम्हाला वाचायला लावा.
थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब.
मोठ्यांची निमेसुलाइड (ताप-दुखण्याची गोळी) अर्धी करून मुलांना देऊ नका. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते २०११ पासून बंद आहे.
औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ वर कळवता येतं. हा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. डॉक्टरच हवा असं नाही, पेशंटही फोन करू शकतो.

माळढोक
थोडं अवांतर. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली गुरं मेली की ती खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. आमच्या लहानपणी गावाबाहेर थवेच्या थवे उतरायचे, सगळे गेले. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचतात म्हणून २०१५ मध्ये तीही ३ मिलीपुरतीच ठेवली. आणि आपण गुडघा दुखला की तीच गोळी शेंगदाण्यासारखी खातो. किडनी आपल्यालाही आहे हो.

उंबरठा
गिधाडांचं माहीतच नव्हतं. वाईट वाटलं वाचून.

तांबडी माती
@मेडिकलवाली आई थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेते, वर लगेच कॅल्शियम. आत्ताच फोन करते तिला.

मेडिकलवाली
करा. आणि वेळ बदलली की पुढच्या टीएसएचला (थायरॉइडच्या रक्ततपासणीला) डॉक्टरांना तसं सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

अबोली
काका, राजगिऱ्याची भाकरी थापताना तुटते हो माझी.

कोकणी काका
उकडलेला बटाटा घाला थोडा. बाबांना शुगर आहे ना, मग अगदी थोडाच.