हलत्या पंखावरचा वारा: अवरक्त कॅमेऱ्यावर किती भिस्त ठेवावी?

अनुवात (धागाकर्ता):
हेलिकॉप्टरचे पाते प्रत्येक फेरीत आपला कोन बदलते आणि त्याच्या पृष्ठभागालगतच्या पातळ सीमास्तरात शांत प्रवाह जिथे विक्षुब्ध होतो, ती संक्रमणाची जागाही त्याबरोबर पुढेमागे सरकते. ही जागा टिपण्यासाठी ग्योटिंगेनच्या डीएलआर या जर्मन हवाई-अंतराळ संशोधन संस्थेतील राफेल आणि मेर्त्स या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेली पद्धत मला पटते. विक्षुब्ध प्रवाह पृष्ठभागाशी उष्णतेची देवाणघेवाण अधिक करतो, त्यामुळे दिव्यांनी तापवलेला पंख तिथे लवकर निवतो. थोड्या वेळाच्या अंतराने घेतलेली दोन अवरक्त, म्हणजे पृष्ठभागाचे तापमान दाखवणारी, चित्रे एकमेकांतून वजा केली, की फरक सर्वाधिक असतो तिथे संक्रमण. पंखावर संवेदक चिकटवत बसण्यापेक्षा आधी कॅमेरा लावावा, असे माझे मत आहे.

तापमापी:
असहमत. कॅमेऱ्याला हवा दिसत नाही, दिसते ती पंखाची कातडी, आणि ती प्रवाहाच्या मागून रेंगाळत निवते किंवा तापते. वजाबाकीने हा उशीर कमी होतो, पण नाहीसा होत नाही. त्याहून मोठी अडचण वळणबिंदूंची आहे: कोन कमाल होऊन उलट फिरतो तेव्हा संक्रमण जवळजवळ थबकते, दोन्ही चित्रे सारखीच येतात आणि वजाबाकीत गोंगाटाशिवाय, म्हणजे मोजमापातल्या निरर्थक चढउतारांशिवाय, काही उरत नाही. स्टॉलची, म्हणजे प्रवाह पंखापासून सुटून उचल कोसळण्याची, भीती तर बहुधा त्याच टोकाला असते! हॉट-फिल्म संवेदक, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेली विजेने तापवलेली पातळ पट्टी, तिथेही प्रवाहाला जवळपास तत्काळ प्रतिसाद देते.

अनुवात:
वळणबिंदूंचा मुद्दा मान्य. पण हॉट-फिल्म जिथे चिकटवली तिथलेच सांगते. पंखाच्या पुढच्या कडेवर धुळीचा एक कण बसला, तरी त्याच्यामागे विक्षुब्ध प्रवाहाची पाचर पसरत जाते. अवरक्त चित्रात ती तापवलेल्या पृष्ठभागावर काळसर त्रिकोणासारखी स्पष्ट उमटते, तर संवेदकांची ओळ नेमकी त्या पाचरीत सापडली, तर आपण तिलाच पंखाचा स्वभाव समजून बसतो. शिवाय उष्णता कमी धरणारा आणि कमी वाहणारा थर पृष्ठभागावर दिला, तर तुम्ही म्हणता ते रेंगाळणे बरेच आटोक्यात येते.

तापमापी:
पाचरीचे उदाहरण चोख आहे, तेवढा भाग मागे घेतो. मात्र दोन चित्रांमधले अंतर किती ठेवावे, हा निर्णय तुमच्या हाती राहतो: फार कमी ठेवले तर संकेत गोंगाटात बुडतो, फार वाढवले तर संक्रमण मधल्या काळात पुढे निघून जाते. फिरत्या पात्यावर धूसरपणाही आहेच, कारण सेकंदाला २०० मीटर धावणारे टोक कॅमेऱ्याच्या १०० मायक्रोसेकंदांच्या उघडझापीत २ सेंटिमीटर सरकते. म्हणून कॅमेरा लावा, पण निदान एका ओळीत हॉट-फिल्म असू द्या. नसेल, तर वळणबिंदूंजवळचा आलेख अखंड रेषेने काढू नका.